खालच्या सहांची यादी

बबनराव येळणे यांच्या खात्याचं नाव सत्तावीस वर्षांत तीन वेळा बदललं. ते कामाला लागले तेव्हा दारावर 'टाइम ऑफिस' होतं. पुढे 'पर्सोनेल' झालं, मग 'एच. आर.', आणि आता 'पीपल अँड कल्चर'. दर वेळी पेंटर यायचा, जुन्या पाटीवर पांढरा हात मारायचा आणि नवं नाव घालून जायचा. आत तेच लोखंडी कपाट, तीच खिडकी आणि खिडकीमागे तेच बबनराव. कल्चर म्हणजे काय ते त्यांनी घरी मुलीला विचारलं. तिनं संस्कृती असं सांगितल्यावर ते दोन दिवस कंपनीत जरा जपून वागले, मग विसरले.

कंपनी ऑफिसच्या खुर्च्या बनवते. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूहून नागपूरकडे जाताना रस्त्याला लागूनच तिच्या पत्र्याच्या दोन लांब शेड आहेत. तिला रीतसर इंग्रजी नाव आहे, पण आसपासच्या गावांत ते कोणी घेत नाही. पोरगा कुठं लागला म्हटलं की 'खुर्ची कंपनीत' एवढंच सांगतात. माणसाची किंमत खुर्चीच्या पाठीवरून ठरते हे बबनरावांना इथंच कळलं. साहेबाच्या खुर्चीची पाठ डोक्याच्या वर जाते, अधिकाऱ्याची खांद्यापर्यंत, कारकुनाची कमरेच्या जराशी वर. भेटायला येणाऱ्याच्या खुर्चीला पाठ जेमतेमच असावी असा या धंद्याचा आग्रह, कारण त्यानं फार वेळ बसू नये. आणि या सगळ्या खुर्च्या बनवणारे बासष्ट लोक दिवसभर उभे. जेवणाच्या सुटीत ते फोमच्या तुकड्यांवर टेकायचे, तेही सुपरवायझर दिसेपर्यंत.

या बासष्ट जणांची कुंडली बबनरावांना पाठ होती. हजेरीला बोटाचं मशीन आलं, पण बोट उमटलं नाही तर का उमटलं नाही ते मशीनला कुठं ठाऊक? ते बबनरावांना ठाऊक असायचं. कोणाचा हरभरा सोंगायला आला, कोणाची सासू सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती आहे, कोण आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी डोकं धरून येणार, सगळं. दहा मिनिटं उशीर झाला तर ते हातानं दुरुस्त करायचे. नियमात बसत नव्हतं, पण खात्याचं काम त्यावरच चालायचं. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, की आपल्या हातून कोणाचं वाईट झालं नाही. हे वाक्य ते कंपनीत आणि घरीही इतक्यांदा बोलायचे की त्यांची बायको आनंदाबाई ते सुरू झालं की वरणाला फोडणी द्यायला उठायची.

मग शौनक आला. पुण्याचा, तिशीच्या आतला, खात्याचा नवा प्रमुख. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसाशी बबनरावांनी जमवून घेतलं असतं. शौनक मनापासून चांगला होता आणि त्याला लोकांचं भलं करायचं होतं, त्यामुळे इलाजच नव्हता. त्यानं वाढदिवसाला केक सुरू केला. शुक्रवारी रस्सीखेच सुरू केली, आठ तास उभं राहून झाल्यावर. सूचनांची पेटी लावली. पहिली चिठ्ठी निघाली ती शिवणकामाच्या शेडमध्ये पंखा लावा अशी. दुसरीतही पंखाच होता. तिसरीतही. मग पेटी काढून तिथं एक मोठं चित्र लावलं, त्यात एक माणूस बर्फाच्या डोंगरावर उभा होता आणि खाली इंग्रजीत काहीतरी धीराचं लिहिलेलं होतं. बाया म्हणाल्या, चला, निदान बर्फ तरी दिसते.

पहिल्याच मार्च महिन्यात शौनकनं बबनरावांना बोलावून फळ्यावर घंटेसारखी एक रेघ काढली.

"काका, हा बेल कर्व्ह. कुठलीही शंभर माणसं घ्या, त्यांत वीस उत्तम असतात, सत्तर मध्यम असतात आणि दहा खालची असतात. हा निसर्गाचा नियम आहे."

"आपल्याकडं बासष्ट हायेत साहेब."

"मग सहा. ते खालचे सहा मला नावानिशी पाहिजेत. त्यांना डी ग्रेड. इन्क्रिमेंट नाही."

"आन् समजा सगळेच चांगले असले तं?"

"तसं नसतं."

"नाई, पन समजा."

"काका, स्टॅटिस्टिकली तसं होतच नाही."

बबनरावांनी त्या घंटेच्या रेघेवर बोट ठेवलं. "खुर्च्या तपासताना आपन असं करत नाई," ते म्हणाले. "शंभर चांगल्या निघाल्या तं शंभर गाडीत जाते. त्यातल्या दहा मोडक्या धरा, असं कोनी म्हनत नाई."

शौनकला हे बोलणं इतकं आवडलं की त्यानं ते वहीत टिपून घेतलं आणि पुढे नागपूरला एका भाषणात, मातीशी जोडलेल्या माणसाचं शहाणपण म्हणून वापरलं. यादी मात्र त्याला तीस तारखेच्या आत हवी होती.

बबनरावांनी पंधरा दिवस घालवले. एक नाव लिहायचे, खोडायचे. ज्याचं लिहावं त्याच्या घरचं काहीतरी आठवायचं. कोणाच्या पोरीचं लग्न ठरलेलं, कोणाचा बाप अंथरुणाला. एकदा त्यांनी डोळे मिटून हजेरीपटावर बोट ठेवलं, तर ते स्वतःच्या चुलतभावावर पडलं, मग तेही सोडून दिलं. जेवण जाईना. शेवटी अठ्ठावीस तारखेला दुपारच्या सुटीत ते सायकल स्टँडकडे गेले, जिथं सगळे डबे उघडून बसायचे, आणि त्यांनी जे होतं ते सांगून टाकलं. सहा नावं द्यायची आहेत, आणि माझ्याच्यानं होत नाही.

रूपराव झाडे भाकरी मोडत होता. कंपनीतला सगळ्यात जुना फिटर. खुर्ची वरखाली करणारा गॅसचा दांडा बसवायचं काम त्याचं. बसवला की तो तळहातानं आसन दाबायचा आणि कान देऊन ऐकायचा. आवाज पटला नाही तर पुन्हा खोलायचा. त्याच्या हातची खुर्ची एकोणीस वर्षांत तक्रार घेऊन परत आली नव्हती.

"कायले जीव जाळून राह्यले बबनभाऊ?" तो म्हणाला. "सहाच पायजे ना? पाळी लावा."

"पाळी?"

"बोर धरनाच्या कालव्याले नाई का लावत आपन? ह्या हप्त्यात माह्या वावरात पानी नाई आलं म्हनून माहं वावर वाईट ठरते काय? पाळी तुही, मंग माही. यंदा मी खाली बसतो. घरी तीन एकर हाय, पोरगं नोकरीले हाय. इन्क्रिमेंट नाई भेटलं तं चूल काई बंद पडत नाई माही."

डबे संपेपर्यंत नियम ठरले. ज्याच्या घरी लग्न, बाळंतपण किंवा आजारपण आहे त्याला सूट. लागोपाठ दोन वर्षं कोणी नाही. ज्याच्याकडे थोडी शेती आहे किंवा दुसरा कमावता आहे त्यानं आधी पुढं व्हायचं. आणि जे सहा खाली बसतील त्यांना निकालाच्या दिवशी बाकीच्यांनी तर्री-पोहे खाऊ घालायचे. कालव्याच्या पाण्यावरून याच लोकांच्या बापांनी एकमेकांची डोकी फोडली होती, पण इथं आवाजही चढला नाही. बबनरावांचा जीव भांड्यात पडला.

आता उरला फॉर्म. डी ग्रेडवाल्याच्या फॉर्ममध्ये 'सुधारणेस वाव' असा रकाना होता आणि शौनकनं त्यासाठी चाळीस इंग्रजी वाक्यं छापून दिली होती, त्यांतलं एक निवडायचं. बबनरावांनी ती मुलीकडून मराठीत करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर वाचून दाखवली. लोकांनी आपापले दोष पसंत करून घेतले. रूपरावनं 'कामात बारकाईचा अभाव' मागून घेतलं आणि पोटभर हसला. भागीरथा उमाटेच्या वाट्याला आलं 'सहकाऱ्यांशी जमवून घेता येत नाही'. भागीरथा आसनांची कव्हरं शिवायची. शेडमधल्या निम्म्या पोरींना शिवण तिनंच शिकवलं होतं आणि तिच्या ठेच्यावर अर्धी शेड जेवायची. ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. "लिवा भाऊ, लिवा," ती म्हणाली. "माह्या सुनेलेबी दाखवजा."

शौनकनं यादी पाहिली आणि खूश झाला. घंटा नीट बसली होती. दुसऱ्या वर्षीही बसली, तिसऱ्याही. बबनरावांना त्याचा एवढा सराव झाला की मार्चमध्ये ते शीळ घालत फॉर्म भरायचे. पण वेळ पंधरा दिवसच घ्यायचे, नाहीतर साहेबाला शंका येईल. तिसऱ्या वर्षी शौनकनं नागपूरच्या कुठल्याशा परिषदेत यावर भाषण दिलं. पडद्यावर एक मोठं वाक्य होतं, की डी ग्रेड मिळालेल्या एकाही कामगाराने आजवर तक्रार केलेली नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. त्याला काचेची ढाल मिळाली. ती त्यानं आणून बबनरावांच्या हातात दिली आणि फोटो काढला. म्हणाला, "काका, यात अर्धा वाटा तुमचा." बबनरावांना मान कुठं फिरवावी ते समजेना.

चौथ्या वर्षी पाळी अंकुशची होती. अंकुश पॅकिंगमध्ये होता, चोवीस वर्षांचा, लग्नाला दीड वर्ष. बायको सेवाग्रामला भरती, सातव्या महिन्यातच दुखणं लागलेलं, डॉक्टरांनी आई आणि बाळ दोघांचंही काही सांगता येत नाही असं म्हटलेलं. नियमानं त्याला सूट होतीच, पण त्याच्या जागी बसायला कोणी उरलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरी त्या वर्षी काही ना काही निघालं.

"अंकुशची मी घेतो," रूपराव म्हणाला. "माही होऊन तीन वर्स झाले."

भागीरथाची पाळी फिरून आलेलीच होती. बाकीचे चौघेही तसेच, जुने, हातात कसब असलेले, घरचं थोडंफार बरं असलेले. ज्याच्याकडे द्यायला असतं तोच देतो, त्यामुळे यादी दरवर्षी वरच्या लोकांची व्हायची. त्या वर्षी तर खालच्या सहांत अशी सहा माणसं होती की ती एका दिवशी गैरहजर राहिली असती तर दोन्ही शेड बंद ठेवाव्या लागल्या असत्या.

तर्री-पोहे खाऊन महिना झाला आणि बातमी आली. पुण्याच्या एका कंपनीनं नऊशे खुर्च्यांची ऑर्डर रद्द केली. त्यांची माणसं घरून काम करत होती, आणि घरी बसायला पलंग असतो. मालकांनी ठरवलं, सहा माणसं कमी करायची. मालक म्हणजे धनंजय, ज्यांच्या वडिलांनी शाळेच्या बाकांपासून हा धंदा उभा केला होता. कामगार सगळे कागदोपत्री ठेकेदाराचे, त्यामुळे कायदा आडवा येत नव्हता. फक्त कोणाला काढायचं एवढाच प्रश्न होता, आणि शौनककडे त्याचं उत्तर तयार होतं. सहाला सहा.

"कठीण निर्णय आहे काका," शौनक म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "पण आपल्याकडे चार वर्षांचा डेटा आहे. निदान कोणावर अन्याय तरी होणार नाही."

त्यानं यादी पुढं केली. पहिलं नाव रूपराव झाडे. त्यापुढे कंसात 'दोन वेळा' असं लिहून लाल रेघ मारली होती.

बबनरावांनी यादी उलटी ठेवली. "साहेब," ते म्हणाले, "ती यादी खरी नाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कालवा, पाळी, फॉर्ममधले मागून घेतलेले दोष, तर्री-पोहेसुद्धा. शौनकनं लक्ष देऊन ऐकलं. समोरच्याचं बोलणं कसं ऐकावं याचं त्यानं प्रशिक्षण घेतलेलं होतं, त्यामुळे तो मधूनमधून मान हलवत होता. हळूहळू मान हलायची थांबली.

"चार वर्षं?"

"चार वर्सं."

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्याईले," बबनराव म्हणाले. "तुमाले सोडून."

शौनक उठला, त्यानं दार लावून घेतलं आणि परत येऊन बसला. बराच वेळ तो कपाटावरच्या काचेच्या ढालीकडे पाहत होता. बबनरावांना त्याची दयाच आली. मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी मऊ होता.

"काका, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी ऐकलं नाही. तुमच्या सहीचे फॉर्म आहेत, त्यात प्रत्येकाचा दोष लिहिलेला आहे. मी त्यावरच चालू शकतो ना?"

बबनराव तिथून तडक मालकांकडे गेले. सत्तावीस वर्षांत न बोलावता ते पहिल्यांदाच त्या केबिनमध्ये शिरले. धनंजय फोनवर होते. फोन संपेपर्यंत बबनराव उभे राहिले, मग उभ्याउभ्याच सगळं बोलले.

"अहो, रूपरावला काढायची मला काय हौस आहे?" धनंजय म्हणाले. "आमच्या बाबांनी ठेवलेला माणूस. ठीक आहे, ही यादी खोटी. मग खरी द्या. मला सहा कमी करायचेत, कोणते सहा ते तुम्ही सांगा. तुमच्याइतकी माहिती कोणाला आहे? संध्याकाळपर्यंत कागद आणून द्या, रूपराव राहील."

न्याय चोख होता. बबनराव खिडकीमागे येऊन बसले आणि त्यांनी कोरा कागद समोर घेतला. आणि गंमत अशी, की नावं त्यांना लगेच सुचली. पाच मिनिटंही लागली नाहीत. लक्ष्मणराव कटिंगवाला, दुपारी फोमच्या गठ्ठ्यामागे तासभर झोपायचा. पण त्याची बायको अर्धांगानं पडलेली, आणि तिची कूस बदलायला त्याला रोज पहाटे तीनला उठावं लागायचं. दुसरा एक, बाजाराच्या दिवशी पिणारा. तिसरा, मापात चुकणारा आणि दुसऱ्यावर ढकलणारा. चौथी, जिला शिवण कधी आलंच नाही, पण जिला घराबाहेर राहायला आठ तास मिळावेत म्हणून सगळ्या जणी तिचं काम वाटून घ्यायच्या. नावं ओठावर होती. पेन कागदाला टेकेना.

पाच वाजता ते शौनककडे गेले. "माहं नाव घाला. बाकीचे पाच पाहून घेऊ."

"काका, तुम्ही स्टाफमध्ये येता," शौनक म्हणाला. "ही वर्कर्सची यादी आहे."

साडेपाचला बबनरावांनी मालकांच्या टेबलावर कोरा कागद ठेवला आणि मान खाली घालून बाहेर पडले. आपल्या हातानं कोणाचं नाव लिहिलं गेलं नाही, असं त्यांनी वाटेत स्वतःला बजावलं. ते खरंही होतं. कोऱ्या कागदाची हीच तर सोय आहे, त्यावर कोणाचं अक्षर नसतं. रूपराव, भागीरथा आणि ते चौघे त्या कोऱ्या कागदानंच गेले.

निरोप मात्र सन्मानानं द्यायचा असं शौनकनं ठरवलं. केक आला. प्रत्येकाला एक चिनी मातीचा मग मिळाला, त्यावर इंग्रजीत 'तुम्ही आमचं कुटुंब आहात' असं छापलेलं होतं. शंभर मग मागवले होते, म्हणजे कुटुंब अजून पुष्कळ घटणार होतं. केक झाल्यावर प्रत्येकाची निरोपाची मुलाखत. ती घ्यायची बबनरावांनी.

रूपराव समोर येऊन बसला. बबनरावांनी पहिला प्रश्न वाचला. "कंपनी सोडण्याचं कारण?"

"पाळी."

"तसं नाई लिवता येत भाऊ. चारच हायेत. जास्त पगार, तब्येत, घरगुती, आन् शिक्षन."

"मंग घरगुती लिवा. कुटुंबच हाय म्हनते ना."

बबनरावांनी खूण केली. मग ते न राहवून म्हणाले, "रूपराव, माह्यावर राग तं नाई ना?"

"पाळी म्या सोताहून घेतली. तुमच्यावर कायले?" रूपरावनं हातातल्या मगचा कान बोटानं हलवून पाहिला, सवयच ती. "मालकानं तुमाले खरी यादी मांगतली होती म्हनते. तुमी कोरा कागद देला. खरं हाय?"

"हो."

"नावं मालूम होती?"

बबनरावांची मान होकारार्थी हलली.

"तुमच्या जागी म्याबी कोराच देला असता," रूपराव म्हणाला. "पन मंग मी हे नसतो म्हनलो, का माह्या हातानं कोनाचं वाईट झालं नाई." तो उठला, दाराशी थांबला. "येजा घरी कदी. आनंदावहिनीले घेऊन येजा." आणि गेला.

भागीरथा बसलीच नाही. "माह्या कागदावर काय लिवलं होतं भाऊ? वाचा ना एक वार."

"जाऊ द्या ना बाई."

"वाचा."

बबनरावांनी वाचलं. सहकाऱ्यांशी जमवून घेता येत नाही.

"त्या दिवशी मी किती हासली होती," भागीरथा म्हणाली. तिनं हातातला चिनी मातीचा मग खिडकीच्या फळीवर ठेवला आणि निघून गेली. सही तिनं केलीच नाही. नंतर शौनकनं सांगितलं तसं बबनरावांनी 'सहीस नकार' असं लिहून फॉर्म लावून दिला. तिच्या दोषाला अखेर पुरावा मिळाला.

वर्षभर काम चाललं. परत येणाऱ्या खुर्च्यांसाठी दुसऱ्या शेडच्या मागे पत्रा टाकून जागा करावी लागली. त्याची कारणं शोधायला पुण्याहून सल्लागार आला, त्यानं अठ्ठावीस पानांचा अहवाल दिला. त्यात गॅसच्या दांड्याचा आवाज कानानं ऐकणारा माणूस कुठंच नव्हता.

मार्च आला. आता माणसं छप्पन्न उरली होती. दहा टक्के म्हणजे पाच पूर्णांक सहा. "अर्धा माणूस तर यादीत घालता येत नाही," शौनक म्हणाला, "सहाच धरू." बबनराव पुन्हा सायकल स्टँडवर गेले. दुपारची सुटी होती, डबे उघडे होते.

"यंदा कोन?" त्यांनी विचारलं.

कोणी वर पाहिलं नाही. एकानं डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्यानं पाणी प्यायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. छप्पन्न माणसांत भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज होता. बबनराव दोन-तीन मिनिटं उभे राहिले आणि परत आले.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर गर्दी सुरू झाली. एकेकटे यायचे, आजूबाजूला पाहून. कोणी वांगी आणली, कोणी गुळाची ढेप. सगळे आधी तब्येतीचं विचारायचे आणि मग हळूच दुसऱ्याचं नाव. तो मोबाइल पाहते. ती बाथरूमात बसून राहते. त्यानं तीन खुर्च्यांचे स्क्रू आवळलेच नाई. कालपर्यंत जे एकट्या बबनरावांना ठाऊक होतं ते आता सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे ते सांगायला आतुर होते. शौनकनं काचेतून ही गर्दी पाहिली आणि फार खूश झाला. लोक मोकळेपणानं बोलायला लागले, याचा त्यानं महिन्याच्या अहवालात उल्लेखही केला.

शेवटी अंकुश आला. आधी त्यानं मोबाइलवर पोरीचा फोटो दाखवला. वर्षाची झाली होती, गुटगुटीत, काजळ लावलेली.

"काका," मग तो म्हणाला, "ते लक्ष्मणराव हायेत ना कटिंगवाले. दुपारी फोमच्या मागं झोपून राह्यते. म्या चार वार पाह्यलं. माहं नाव नोका सांगू."

बबनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "रूपरावनं तुही पाळी घेतली होती पोरा."

"हो ना काका," अंकुश म्हणाला. त्यानं मोबाइल खिशात घातला, पण तो मागं सरला नाही. "म्हनूनच सांगून राह्यलो."

तो गेल्यावर बबनरावांनी कागद ओढला. पहाटे तीनला लक्ष्मणराव कशासाठी उठतो हे त्यांना आठवलं, आणि आठवत असतानाच त्यांनी ते नाव लिहिलं. मग दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. दहा मिनिटांत सहा झाली. खाली सही करून ते स्वतःच कागद घेऊन केबिनमध्ये गेले.

शौनकनं यादी वाचली. मग त्यानं कागद खाली ठेवला, दार लागलेलं आहे ना ते पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "काका, या वेळची खरी आहे ना?"

"खरी हाय साहेब," बबनराव म्हणाले.